ब्रेकचा दोष कोणी लिहायचा?

मोटारीत ब्रेकचा दोष स्वतःहून शोधून तो साठवून ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते, हे आता श्रीरामपूरच्या कुठल्याही गॅरेजात ठाऊक आहे. डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकचा, पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडायचा, कोड वाचायचा, काम करायचे आणि कोड उडवायचा. ही सगळी संगणकाच्या युगाची देणगी, असे आपण धरून चालतो. इतिहास तसे सांगत नाही. ब्रेकच्या दोषाची लेखी नोंद ठेवायची शिस्त या भागात रुळांवरून आली, पुढे एसटीच्या आगारांत रुजली, आणि खासगी मोटारीच्या बाबतीत मात्र कित्येक दशके ती कुठेच नव्हती. संगणकाने ती मोटारीतही आणली. पण आणताना लिहिणारा बदलला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाचणाराही बदलला. ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास सांगताना घसरणाऱ्या चाकांवरच सगळी शाई खर्च होते. या नोंदीकडे कोणी पाहत नाही, आणि खरा बदल तर तिथेच झाला आहे.

दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला. मुंबईहून भोर घाट आणि थळ घाट चढून दोन दिशांना गेलेल्या जीआयपी रेल्वेच्या फाट्यांना जोडणारा हा दुवा. तेव्हा श्रीरामपूर नावाचे शहर नव्हते. जवळचे नामांकित गाव प्रवरेकाठचे बेलापूर, म्हणून स्टेशनला नाव मिळाले ते बेलापूरचे, आणि शहर पुढे त्या स्टेशनभोवती वाढले. त्या काळी आगगाडी थांबवणे हे माणसांच्या हाताचे काम होते. इंजिनावरचा ड्रायव्हर शिट्टी देई आणि गाडीतला गार्ड हातब्रेक आवळी. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा इथे सहलीला निघालेल्या गाडीचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि ऐंशीच्या आसपास माणसे, त्यांत पुष्कळ मुले, मेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. हिंदुस्थानातल्या रेल्वेने स्वयंचलित व्हॅक्यूम ब्रेक स्वीकारला आणि तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत टिकला. त्याची युक्ती साधी होती. इंजिन संपूर्ण गाडीच्या नळीतली हवा ओढून घेई. ती पोकळी टिकली तर ब्रेक सुटलेले, हवा आत शिरली की ब्रेक लागलेले. म्हणजे नळी फुटली, जोड निसटला, डबे तुटून मागे राहिले, तर दोष लपूच शकत नसे. गाडी उभी राही.

पण या युक्तीची मर्यादा रेल्वेवाल्यांना लवकरच कळली असणार. नळी फुटणे हा ढोबळ दोष. तो स्वतःच बोंब मारतो. एखाद्या डब्याचा सिलिंडर निकामी झाला, एखाद्या वाघिणीचे ब्रेक-ब्लॉक झिजले, तर पोकळी व्यवस्थित टिकते, गाडी सुरळीत चालते आणि थांबवायची वेळ आली की ती हवी त्या जागी थांबत नाही. असा मुका दोष शोधायला माणूसच लागतो. म्हणून गाडी निघण्यापूर्वी तिची तपासणी करायची, किती सिलिंडर काम करतात ते मोजायचे आणि ते कागदावर लिहून ड्रायव्हर-गार्डच्या सह्या घ्यायच्या, अशी पद्धत पडली. रेल्वेत या कागदाला 'ब्रेक पॉवर सर्टिफिकेट' म्हणतात. या कागदातल्या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या विवेचनाला लागणार आहेत. एक, गाडी चालवणारा आणि ब्रेक तपासणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. दुसरी, तो कागद गाडीबरोबर प्रवास करतो. पुढचा कर्मचारी मागच्याने काय पाहिले ते वाचू शकतो. बेलापूर स्टेशनातून साखरेच्या वाघिणी निघू लागल्या तेव्हा त्यांच्यामागे ही शिस्त होती.

रस्त्यावर मात्र यातले काहीच नव्हते. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला, हरेगावला बेलापूर कंपनीने कारखाना चालवला, १९३३ साली टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स उभी राहिली आणि १९५०च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना धडधडू लागला. उसाबरोबर लॉऱ्या आल्या, लॉऱ्यांबरोबर मिस्त्री आले. या मिस्त्रीच्या हातात जी जाण होती तिला कमी लेखायचे कारण नाही. पेडल दाबताच मऊ लागले तर पाइपात हवा शिरली आहे, हळूहळू खाली जात राहिले तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे, गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूच्या लायनरला तेल लागले आहे, हे तो पायाने आणि कानाने ओळखी. पण ही जाण कुठे लिहिलेली नसे. लॉरी दुसऱ्या मालकाकडे गेली, मिस्त्री दुसऱ्या गावी गेला, की मागच्या हंगामात कोणत्या चाकाचा सिलिंडर दोनदा गळला होता ही माहिती कायमची गेली. रेल्वेत जो कागद गाडीबरोबर जाई, तो रस्त्यावर अस्तित्वातच नव्हता.

याला अपवाद एसटीचा. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली. तिची गोष्ट आपण नेहमी प्रवाशांच्या बाजूने सांगतो. देखभालीच्या बाजूने पाहिले तर त्या दिवसापासून या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर अशी मोटार आली, जिचा चालक तिचा मालक नव्हता आणि जिची दुरुस्ती करणारा चालकाचा नोकर नव्हता. त्यामुळे लिहिणे भागच पडले. चालकाने फेरी संपवून आगारात आल्यावर तक्रार लिहून द्यायची, यांत्रिकाने काय केले ते नोंदवायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन जाणाऱ्या दुसऱ्या चालकाने ते पाहून घ्यायचे. श्रीरामपूर आगारातल्या गाड्याही याच पद्धतीत वाढल्या. ही नोंद नेहमी प्रामाणिकपणे होत होती असा दावा कोणी करणार नाही. 'ब्रेक कमी' असे चालकाने रोज लिहायचे आणि 'पाहिले, ठीक' असे आगाराने रोज उत्तर द्यायचे, असेही कागदावर होऊ शकते. तरी एक फरक पडलाच: दोषाला तारीख मिळाली. अपघात झाला तर आधी तक्रार होती की नव्हती, हा प्रश्न विचारता येऊ लागला.

सरकारी तपासणीने मात्र नोंदीचा हा मार्ग कधीच धरला नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात आणि नंतरच्या १९८८च्या कायद्यात व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो ते, बंधनकारक आहे. श्रीरामपूरला उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, आणि जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या गाड्यांवर एमएच-१७ ही पाटी दिसते ती त्यामुळे. या कार्यालयात पासिंगला आलेल्या ट्रकचा ब्रेक त्या दिवशी लागतो की नाही, एवढेच पाहिले जाते. कालपर्यंत तो कसा लागत होता हे विचारण्याची सोय नाही. तेवढी तपासणी तरी नीट होते का, हा प्रश्नही अखेर न्यायालयातच गेला. पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा पट्टा असल्याशिवाय योग्यता प्रमाणपत्रे देऊ नयेत अशी भूमिका घेतली, तेव्हा राज्यातल्या अनेक कार्यालयांची धांदल उडाली. २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. आणि घरगुती मोटारीचे काय? तिची नोंदणी पंधरा वर्षांची. त्या पंधरा वर्षांत तिच्या ब्रेकला सरकारचा हात एकदाही लागत नाही. ज्या वाहनाच्या बाबतीत लेखी नोंद सर्वांत कमी होती, त्याच वाहनाच्या पोटात पुढे यंत्राने नोंद ठेवायला सुरुवात केली, हा योगायोग मोठा मजेशीर आहे.

आता त्या यंत्राकडे वळू. चाक जाम होऊ न देणारा ब्रेक विमानांत १९५०च्या दशकातच आला होता. ब्रिटनच्या डनलॉप कंपनीचे मॅक्सारेट हे यंत्र पूर्णपणे यांत्रिक होते. मोटारींसाठी इलेक्ट्रॉनिक उपाय जर्मनीत १९७०च्या सुमारास तयार होता, पण तो विक्रीला आला १९७८च्या अखेरीस, बॉशची एबीएस बसवलेल्या मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. मधली आठ वर्षे कशात गेली? तत्त्व शोधण्यात नव्हे. पहिल्या अ‍ॅनालॉग पेटीत सुमारे हजार सुटे भाग होते आणि त्यांतला कोणता केव्हा दगा देईल हे सांगता येत नव्हते. डिजिटल सर्किट आल्यावर भागांची संख्या दीडशेच्या आत आली. अविश्वासू पेटी रस्त्यावर आणली तर काय होते याचा धडा त्याच काळात अमेरिकेत मिळत होता. तिथे १९७५ पासून हवेच्या ब्रेकच्या जड ट्रकांना इतक्या कमी अंतरात थांबण्याची सक्ती झाली की इलेक्ट्रॉनिक यंत्रणेशिवाय ते जमेना. त्या यंत्रणा कच्च्या निघाल्या आणि १९७८ साली तिथल्या अपील न्यायालयाने त्या मानकाचा तो भाग रद्दच केला. जड वाहनांना एबीएस पुन्हा सक्तीची व्हायला अमेरिकेत १९९७ उजाडले.

या घटनेचा अर्थ नीट लावला की दोष साठवण्याची गरज कुठून आली ते कळते. एबीएसचे मूळ काम ब्रेक सोडणे हे आहे. चालकाने पाय दाबून ठेवलेला असताना, त्याच्या इच्छेविरुद्ध, एखाद्या चाकाचा दाब क्षणभर कमी करण्याचा अधिकार आपण या पेटीला देतो. व्हॅक्यूम ब्रेक बिघडला तर गाडी थांबते. एबीएस चुकली तर गाडी न थांबण्याची भीती असते. म्हणून हिच्यावर अट अशी घातली गेली की अधिकार वापरण्याआधी स्वतःची प्रकृती तपासायची, आणि शंका आली की बाजूला व्हायचे. ती बाजूला झाली की चालकाच्या पायाखाली जुना साधा हायड्रॉलिक ब्रेक जसाच्या तसा उरतो. आगगाडीतला दोष गाडीला उभी करी; इथला दोष यंत्राला रजेवर पाठवतो आणि गाडी चालूच राहते. गाडी चालूच राहिली तर दोष झाला होता हे पुढे कोणाला कळणार? उभी राहिलेली आगगाडी हाच पुरावा होता. चालत्या मोटारीत पुरावा लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही आत्मपरीक्षा पाहण्यासारखी आहे. चावी फिरवताच दिवा दोन-तीन सेकंद लागतो, तो दिवा स्वतः जिवंत आहे हे दाखवण्यासाठी. तेवढ्यात पेटी आपल्या स्मृतीची बेरीज ताडून पाहते, आतले दोन प्रोसेसर एकाच गणिताची उत्तरे एकमेकांशी जुळवतात, झडपांच्या वेटोळ्यांतून अगदी क्षणिक प्रवाह सोडून ती तुटलेली नाहीत ना याची खात्री होते. मग गाडी हलते. चाकाजवळ दातेरी रिंग फिरते आणि सेन्सर तिच्या दात्यांची स्पंदने मोजतो. वायर तुटली किंवा जमिनीला टेकली तर ते गाडी उभी असतानाच विजेवरून समजते. पण सेन्सर आणि रिंग यांच्यातले अंतर वाढले, रिंगेचा दात पडला, फटीत चिखल बसला, तर ते चाक फिरल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे उभ्या गाडीत न सापडणारा सेन्सरचा दोष ताशी १० किलोमीटरचा वेग ओलांडेपर्यंत सापडलाच पाहिजे अशी अट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियमात आहे. गाडी निघाल्यावर थोड्या अंतरावर पुढून बारीकसा घर्र आवाज येतो, तो पेटीने पंपाची मोटर क्षणभर फिरवून पाहिल्याचा. त्यानंतर सतत चालते ती चार चाकांची उलटतपासणी: तिघे चाळीसचा वेग सांगत असताना चौथा शून्य सांगत असेल तर खोटा कोण, चाकाचा वेग एका क्षणात जितका बदलणे शक्यच नाही तितका बदलला तर ते चाकाचे काम की कनेक्टरचे. साक्षीदार एकमेकांशी पडताळून पाहण्याची ही रीत एकट्या मिस्त्रीच्या पायाला शक्य नव्हती, हे मान्य करायला हवे.

साठवण्याची रीतही तितकीच विचाराने घडली आहे. एकदा संकेत चुकला म्हणून दोष लिहिला जात नाही. तो ठरावीक काळ टिकला किंवा ठरावीक वेळा आला तरच लिहिला जातो, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर पेटीला लिहिण्यावाचून दुसरे काम उरले नसते. सुरुवातीच्या अनेक मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही स्मृती बॅटरीवर जगत असे, आणि बॅटरीची तार काढली की सगळे पुसले जाई. नंतर वीज गेली तरी टिकणारी स्मृती आली आणि तो सोपा मार्ग बंद झाला. वाचायची पद्धत आधी दिव्याच्या उघडझापीची होती: दोन टर्मिनल जोडायची आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे, ट्रकच्या एबीएसमध्ये हा लुकलुकता कोड दीर्घकाळ राहिला. पुढे ठरावीक आकाराचे कोड आले. 'सी'ने सुरू होणारा कोड चॅसीचा. सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचे सर्किट, सी००४० म्हणजे उजव्याचे. कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, विजेचा दाब, दोष कितीदा आला हेही अनेक पेट्या लिहून ठेवतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १४२२९मध्ये, प्रत्येक दोषामागे आठ हो-नाही उत्तरांची स्थिती ठेवलेली आहे: दोष आत्ता आहे का, या फेरीत आला का, पक्का झाला आहे का, दिवा लावायचा का, इत्यादी. त्यांतले एक उत्तर मला सगळ्यांत मोलाचे वाटते. मागच्या वेळी स्मृती पुसल्यापासून ही चाचणी पूर्ण झाली आहे का? म्हणजे 'दोष नाही' आणि 'अजून पाहिलेलेच नाही' या दोन गोष्टी यंत्र वेगळ्या धरते. एसटीच्या कागदावरची कोरी ओळ हा फरक कधीच सांगू शकली नाही. पासिंगच्या शिक्क्यालाही तो सांगता येत नाही.

इथे जुन्या मिस्त्रीच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेटीला वीज कळते, ब्रेक कळत नाही, असे त्याचे म्हणणे. लायनर कागदाएवढे उरले, ब्रेक ऑइलने वर्षानुवर्षे पाणी शोषले आणि घाटात ते उकळले, रबरी पाइप आतून सुजला, ड्रमला तडा गेला, तरी बहुतेक गाड्यांत एबीएसच्या स्मृतीत एक अक्षर उमटत नाही. हे खरे आहे. स्कॅनरने 'दोष नाही' म्हटले म्हणून ब्रेक चांगला आहे असे म्हणणारा कारागीर ब्रेकचे काम विसरला आहे. पण हाच आक्षेप व्हॅक्यूम ब्रेकलाही लागू होता, आणि रेल्वेने त्यावर व्हॅक्यूम टाकून दिला नाही. जे यंत्र सांगत नाही ते पाहण्यासाठी माणूस नेमला आणि त्याच्याकडून लिहून घेतले. आपण उलटे केले. यंत्राने त्याच्या वाटणीचे लिहायला सुरुवात केल्यावर माणसाने त्याच्या वाटणीचे लिहायला हवे होते. त्याने तर पाहणेही कमी केले. हा दोष पेटीचा म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप ग्राहकाचा असतो: कोड आला म्हणजे भाग बदलावाच लागतो, मग ही नोंद म्हणजे खर्चाची पावतीच. यात गैरसमज आहे. कोड सर्किटचे नाव सांगतो, गुन्हेगाराचे नाही. सी००३५चा अर्थ डावा सेन्सर मेला असा घेऊन नवा सेन्सर बसवला आणि दिवा तसाच राहिला, ही तक्रार जगभरच्या गॅरेजांत ऐकू येते. कारण खरा दोष कधी गंजलेल्या कनेक्टरमध्ये असतो, कधी उंदराने कुरतडलेल्या वायरीत, कधी बेअरिंग सैल झाल्याने डगमगणाऱ्या रिंगेत. नोंद ही तपासाची सुरुवात आहे. तिला निकाल समजणे ही वाचणाऱ्याची चूक, आणि चांगला वायरिंगवाला ती करत नाही. तो आधी मीटर लावतो.

खरा अडचणीचा मुद्दा तिसराच आहे. ही नोंद कोणाची? रेल्वेचा कागद गार्डच्या हातात असे, एसटीची तक्रार पुढच्या चालकाला वाचता येई. मोटारीच्या पोटातली नोंद ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्यालाच वाचता येते, आणि तोच ती एका बटणाने पुसूही शकतो. मालकाला दिसतो फक्त दिवा. कायद्याचेही तसेच आहे. भारतात धुराच्या बाबतीत दोष शोधून साठवणारी यंत्रणा बीएस-४ च्या काळापासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि २०२० मध्ये बीएस-६ ने ती आणखी कडक केली. ब्रेकच्या बाबतीत २०१८च्या एप्रिलपासून नव्या मॉडेलच्या आणि २०१९च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस आवश्यक झाली, १२५ सीसीवरच्या दुचाकींनाही; पण नियमाचा भर दोष झाला तर दिवा लागला पाहिजे यावर आहे. आत साठलेले कोणी मागावे, हे कोणावर बंधन नाही. गाडीचा धूर आणि गाडीचा ब्रेक यांत ज्याची आठवण कायद्याला अधिक महत्त्वाची वाटली तो धूर निघाला. यातली उपरोधाची बाजू अशी की ब्रेकच्या या मानकांची प्रमाणपत्रे देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, श्रीरामपूरहून सत्तर-एक किलोमीटरवर, नगरलाच आहे. नवी गाडी बाजारात यायच्या आधी तिच्या नमुन्याचा ब्रेक अशा संस्थेत काटेकोर मोजला जातो. तीच गाडी दहा वर्षे वापरल्यावर तिच्या ब्रेकबद्दल एमएच-१७च्या कार्यालयाला जे माहीत असते, ते तिच्याच पेटीला माहीत असलेल्यापेक्षा कमी असते.

कोणी म्हणेल, पेटीतली नोंद मागून काय उपयोग, तपासणीच्या आदल्या दिवशी लोक पुसून आणतील. पुसतीलच. अमेरिकेत धुराच्या तपासणीत नेमके हेच झाले आणि उत्तरही तिथेच सापडले: चाचण्या पूर्ण झालेल्या नसतील तर गाडी तपासायलाच घ्यायची नाही. वर सांगितलेले ते मोलाचे उत्तर इथे कामाला येते. नुकतीच पुसलेली स्मृती ही नुकतीच पुसलेली आहे हे स्वतःच सांगते. रोलरवर चाके फिरवून ब्रेकचा जोर मोजणारी स्वयंचलित केंद्रे सक्तीची करण्याचा नियम केंद्राने २०२२ साली काढला, मुदती पुढे सरकत गेल्या, पण दिशा ठरली आहे. रोलर जे मोजतो ते फार उपयोगाचे आहे, कारण झिजलेला लायनर तिथे पकडला जातो. मात्र रोलरचा वेग इतका कमी असतो की एबीएस तिथे कामच करत नाही. उलट दोनच चाके फिरताना पाहून काही गाड्यांची पेटी गोंधळते आणि खोटा दोष लिहून ठेवते. रोलर आणि स्मृती ही दोन अर्धवट साक्षी आहेत. एक पेटीला न दिसणारे पाहते, दुसरी रोलरला न दिसणारे.

या सगळ्याचे वजन न्यायालयात कळते. 'ब्रेक फेल झाले' हा अपघातानंतरचा आपल्याकडचा सर्वांत जुना बचाव. मुंबईतल्या एका ट्रकच्या अपघातातून गेलेल्या मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले की यांत्रिक बिघाडाची सबब मालकाला सिद्ध करावी लागते: दोष लपलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडला नसता, हे त्याने दाखवायचे. त्या काळात हे दाखवायला मिस्त्रीची तोंडी साक्ष आणि मोटार वाहन निरीक्षकाचा अपघातानंतरचा अहवाल, एवढेच असे. आता गाडीच्या आतच एक साक्षीदार बसला आहे, जो म्हणू शकतो की हा दोष गेल्या चाळीस फेऱ्यांपासून होता आणि दिवा तेव्हापासून लागलेला होता. हा साक्षीदार मालकाच्या बाजूनेही बोलू शकतो, हे विसरायचे कारण नाही. आदल्या क्षणापर्यंत यंत्रणा निर्दोष होती हेही तोच सांगेल. चालक पगारी आहे आणि गाडी दुसऱ्याची आहे, अशा धंद्यात ही नोंद सर्वांत जास्त कोणाला हवी असेल तर त्या चालकालाच.

अर्थात श्रीरामपूरच्या रस्त्यावर गळीत हंगामात जे वाहन सर्वांत जास्त ब्रेक मागते, त्याच्यापर्यंत यातले काहीही पोचलेले नाही. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांना एबीएस नाही, पुष्कळदा स्वतःचा धड ब्रेकही नाही. थांबवायचे सगळे काम पुढचा ट्रॅक्टर करतो. तिथे दोष साठवायला पेटी नाही, लिहायला आगार नाही, आणि डबे तुटले तर आपोआप लागणारी १८८९ची युक्तीसुद्धा नाही. ट्रॉल्यांना हवेचा किंवा तत्सम स्वयंचलित ब्रेक लावणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. ते करायचे तर कारखान्यांनी वाहतुकीच्या करारात घालायला हवे, कारण ट्रॉलीच्या मालकाला थांबण्याचे पैसे मिळत नाहीत, टनाचे मिळतात.

एप्रिल २०१९ नंतर नोंदलेल्या मोटारी २०३४ सालापासून पंधरा वर्षांच्या होऊ लागतील आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रथमच निरीक्षकासमोर उभ्या राहतील. भारतात एबीएस सक्तीने मिळालेली ही पहिली पूर्ण पिढी. निरीक्षक चावी फिरवून दिवा लागतो आणि विझतो एवढे पाहील, की गाडीच्या जोडणीत केबल घालून पंधरा वर्षांचा लेखाजोखा मागेल, हे ठरवायला परिवहन खात्याकडे अजून काही वर्षे आहेत. त्यासाठी गाडीत नवे काही बसवावे लागणार नाही. कार्यालयात एक स्कॅनर आणि अर्जाच्या नमुन्यात एक रकाना पुरेल.